इंग्रजीच्या मास्तरांचा परदेशी जमाखर्च

परदेशात इंग्रजी शिकवायला गेलेल्या माणसाला पगार किती, हा प्रश्न आपल्याकडे फार सोपा समजला जातो. आकडा विचारायचा, त्याला त्या दिवशीच्या भावाने गुणायचे आणि ‘बाप रे!’ म्हणून चहाचा कप खाली ठेवायचा. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, लोकलच्या बाकावर हा गुणाकार मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आता गुणाकार करणाऱ्याचा चेहरा पाहूनच मी देश ओळखते. पगार येनमध्ये सांगितला तर ऐकणारा आधी दचकतो आणि एका येनला साठ पैसेही येत नाहीत असे कळल्यावर खट्टू होतो. दिरहमचे याच्या उलट. चार-साडेचार हजार हा आकडा ऐकून त्याच्या चेहऱ्यावर प्रथम सहानुभूती उमटते, आणि एका दिरहमला सुमारे चोवीस रुपये पडतात म्हटल्यावर तो खुर्ची पुढे ओढतो.

या गुणाकाराच्या आधी एक भलीमोठी वजाबाकी असते. तिच्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही आणि सुट्टीत घरी आलेला माणूसही आपण होऊन ती सांगत नाही. सणाला आलेल्या पाहुण्याने घरभाड्याचे रडगाणे कशाला गावे?

मी स्वतः कॉलेजात मराठी शिकवते. तेव्हा इंग्रजीच्या मास्तरांच्या पगाराची उठाठेव मी का करावी, असे कुणी म्हणेल. कारण साधे आहे. बी. ए.ला माझ्या वर्गात मराठी घेऊन बसलेली आणि पुढे इंग्रजीत एम. ए., बी. एड. झालेली बरीच मुले-मुली आज समुद्रापलीकडे आहेत. दिवाळीत येतात, फराळाला बसतात, आणि बाकी मंडळी पांगली की माझ्यापाशी खरे आकडे सांगतात. मराठीच्या मास्तरणीला परदेशाचा मोह पडणार नाही, अशी त्यांची खात्री असावी. (मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवतात, पण तिथे शिकवायला तिथलेच मराठी लोक आहेत. आमचे तिकीट त्यामुळे वाचले.) यंदा या आकड्यांना आणखी एक निमित्त मिळाले. माझ्या भाचीला शारजाच्या एका शाळेकडून पत्र आले, आणि ताईच्या घरी गुणाकार सुरू झाला.

इंग्रजी शिकवायला भारतीय माणसाने परदेशी जाणे ही कालपरवाची गोष्ट नव्हे. इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी १९५६ साली भारतात आला होता. त्याच्या देशात तेव्हा आणि पुढेही हजारो भारतीय शिक्षक दूरदूरच्या गावांतून शिकवीत होते. माध्यमिक शाळांचे माध्यम इंग्रजी होते आणि इंग्रजी येणारी माणसे भारतात स्वस्तात मिळत होती. १९७४ च्या क्रांतीनंतर ते पर्व ओसरले. पण त्यातला व्यवहार आजही तोच आहे. इंग्रजी हवी आहे, शिकवणारा माणूस हवा आहे, आणि किंमत ठरताना त्याच्या इंग्रजीइतकाच त्याचा पासपोर्टही पाहिला जातो.

दक्षिण कोरियाचेच पाहा. तिथल्या सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमण्याची योजना १९९५ पासून चालू आहे. तिच्यात प्रवेश सात देशांच्या नागरिकांना: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या सातांतल्या कुठल्याही विषयाच्या पदवीधराला दार उघडे आहे. इंग्रजीत पहिल्या वर्गाने एम. ए. झालेल्या आपल्याकडच्या मुलीला मात्र ते बंद. पुढे १ जानेवारी २०१० पासून भारत आणि कोरिया यांच्यात आर्थिक भागीदारीचा करार लागू झाला आणि त्यात एक फट ठेवण्यात आली. पदवी आणि शिक्षकाची सनद असलेल्या भारतीयाला तिथे इंग्रजीचा सहाय्यक शिक्षक म्हणून जाता येते. सहाय्यक हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. या फटीतून आत गेलेली माणसे मला फारशी भेटलेली नाहीत.

तरीही कोरियाचा हिशेब समजून घ्यावा, कारण त्यात एक मोठी शिकवण दडलेली आहे. २०१० च्या सुमारास या सरकारी योजनेत नवख्या शिक्षकाला महिना १८ ते २१ लाख वॉन मिळत. त्या वर्षी कोरियातले किमान वेतन तासाला ४,११० वॉन होते. तिथल्या पद्धतीप्रमाणे महिन्याचे २०९ तास धरले, तर साध्या कामगाराचे किमान वेतन ८,५८,९९० वॉन झाले. म्हणजे इंग्रजीच्या मास्तराला त्याच्या दुपटीहून जास्त. २०२५ साली किमान वेतन तासाला १०,०३० वॉन झाले, महिन्याचे २०,९६,२७०. आणि नवख्या मास्तराचा पगार? २१ ते २३ लाखांच्या आसपास! पंधरा वर्षांत दुकानात माल लावणारा मुलगा चालत चालत मास्तराच्या शेजारी येऊन उभा राहिला. मास्तर आपल्या जागेवरून हललाच नाही. (कोरियातल्या कामगारांबद्दल मला आनंदच आहे. पण जाहिरातीत हा इतिहास सांगत नाहीत.)

कोरियातला मास्तर यातूनही शिल्लक टाकतो ती घराच्या जोरावर. नोकरीबरोबर एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा असलेले बिऱ्हाड मिळते, भाडे शाळा देते. शिवाय कायद्याने दर पूर्ण वर्षाला एक महिन्याचा पगार नोकरी सोडताना मिळतो. २२ लाख वॉन म्हणजे आपले सुमारे एक लाख तीस हजार रुपये. घरभाडे नसल्याने त्यातले निम्मे तरी वाचतात. पण ‘पूर्ण वर्ष’ हे शब्द विसरू नयेत. खाजगी शिकवणीवर्गांना तिथे हागवॉन म्हणतात. त्यांच्यातले काही चालक अकराव्या महिन्यात शिक्षकाला काही ना काही खुसपट काढून घरी पाठवतात, ही तक्रार तिथे जुनी आहे. बाराव्या महिन्याची पायरी चढूच दिली नाही, की तो जादा पगार वाचतो. शिकवणीवर्गाच्या चालकाचे डोके कुठल्याही देशात सारखेच चालते म्हणायचे.

जपानची कथा वेगळी. तिथे ‘जेट’ नावाची सरकारी योजना १९८७ पासून आहे. शाळेत जपानी शिक्षकाच्या जोडीला परदेशी सहाय्यक शिक्षक द्यायचा, अशी तिची रचना. भारतातूनही तिच्यात अगदी थोडी माणसे जातात. २०१२ पासून पहिल्या वर्षाचा पगार ३३ लाख ६० हजार येन ठरला होता, म्हणजे महिना २,८०,०००. तो तेरा वर्षे तसाच राहिला. येन मात्र राहिला नाही. २०१२ साली एका येनला सुमारे ६७ पैसे मिळत, तेव्हा या पगाराचे एक लाख ८७ हजार रुपये होत. २०२४ साली येन ५५ पैशांवर आला आणि तोच पगार एक लाख ५४ हजारांचा झाला. त्याच शाळेत, त्याच वर्गात, तेवढेच तास शिकवून घरी पाठवण्याच्या पैशांत तेहेतीस हजारांची तूट! २०२५ पासून नव्या शिक्षकांसाठी ही रक्कम वर्षाला ४० लाख २० हजार येन केली, तेव्हा कुठे भरपाई झाली. ज्याला मिळकत जपानमध्येच खर्च करायची आहे त्याला या चढउताराची झळ कमी; ज्याचे कर्जाचे हप्ते डोंबिवलीत आहेत त्याला ती पुरती लागते.

आणि ही झाली सरकारी योजना. शाळांना माणसे पुरवणाऱ्या खाजगी कंपन्यांचे पगार याहून पुष्कळ कमी, महिना दोन ते अडीच लाख येन. घर स्वतः पाहायचे. तिथे घर घेताना अनामत द्यावी लागते, आणि तिच्याखेरीज ‘रेइकिन’ नावाची एक रक्कम घरमालकाला कृतज्ञतेपोटी द्यायची असते. ती परत मिळत नाही. मुंबईकराला पागडी म्हटले की चटकन कळेल. पहिल्या महिन्याचे भाडे, दलाली, जामीनदार कंपनीची फी असे सगळे धरले, तर किल्ली हातात यायच्या आधी चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे जातात. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो. तो आदल्या वर्षीच्या मिळकतीवर असतो. पहिल्या वर्षी शिल्लक पाहून हुरळून गेलेला माणूस दुसऱ्या वर्षी विचारतो, की माझा पगार कमी का झाला?

घर कंपनीने दिले की सुटलो, असेही नाही. जपानातली इंग्रजी शिकवण्यांची सर्वांत मोठी साखळी ‘नोव्हा’ ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले. त्यांतले पुष्कळजण कंपनीने घेतलेल्या घरांत राहत होते. भाडे त्यांच्या पगारातून कापले जात होते, पण घरमालकांपर्यंत ते पोचत नव्हते, असे उघडकीस आले. नोकरी गेली त्याच आठवड्यात घर सोडण्याच्या नोटिसा! शिक्षकांच्या संघटनेने तेव्हा ‘जेवणाच्या बदल्यात धडा’ अशी मोहीम काढली: विद्यार्थ्याने जेवू घालावे, शिक्षकाने इंग्रजी शिकवावी. आपल्याकडच्या वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण यावी असा हा प्रकार, फक्त इथे वार लावून जेवत होते ते गुरुजी.

जपानचे एक कलम आमच्या घरी फार चर्चिले गेले. तिथल्या शाळेत परदेशी भाषा शिकवण्याचा परवाना हवा, तर त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. माझी भाची दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. अकरावी-बारावीची २, बी. ए.ची ३, एम. ए.ची २ आणि बी. एड.ची २, अशी बेरीज ९ होते. तीन वर्षे कमी पडली. विद्यापीठात इंग्रजीत दुसरी आलेली मुलगी बालवाडीच्या हिशेबात नापास! भावोजी म्हणाले, “हिला इंग्रजी शाळेत घालायला हवे होते.” त्यावर ताई काही बोलली नाही. माझे मत विचाराल तर परकी भाषा पायरीपायरीने, अडखळत, व्याकरणाशी झटत शिकलेला शिक्षकच ती दुसऱ्याला नीट शिकवू शकतो. ज्याला ती पाळण्यात मिळाली त्याला विद्यार्थी कुठे अडखळतो ते दिसत नाही. पण परवाना देणाऱ्या कचेरीत माझे मत मागवत नाहीत.

आता आखाताकडे वळू, कारण मध्यमवर्गीय मराठी घराचा खरा संबंध तिथेच येतो. दुबई, शारजा, मस्कत, दोहा इथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांना इंग्रजीचे शिक्षक सतत लागतात. भाषा तपासायला कुणी पाळण्यापर्यंत जात नाही. बी. एड. आणि अनुभव पुरतो. पगारावर आयकर नाही, आणि याच एका वाक्यावर निम्मी माणसे विमानात बसतात.

परंतु एकाच गावात पगाराच्या दोन शिड्या आहेत. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत लंडनहून आलेल्या शिक्षिकेला दहा-बारा हजार दिरहम किंवा त्याहून अधिक, वर राहायला घर. रस्त्यापलीकडच्या भारतीय शाळेत आपल्या बाईंना त्याच्या निम्मेही नाहीत आणि घर त्यांचे त्यांनी पाहायचे. यात शाळाचालकांची बाजूही आहे. भारतीय शाळांची फी कमी असते, कारण तिथे मुले पाठवणारे पालक हिशेबनीस, फोरमन, दुकानातले विक्रेते असतात. फी वाढवली तर त्यांची मुले आईबरोबर गावी परत जातात. बाईंचा पगार असा पालकांच्या पगाराला बांधलेला आहे.

शारजाहून भाचीला आलेले पत्र मी समोर घेऊन बसले. पगार ४,२०० दिरहम. चोवीसने गुणून भावोजींनी १,००,८०० हा आकडा कॅलेंडरच्या मागे लिहूनही ठेवला होता. मी त्याच्या खाली खर्च मांडला. तिथल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून फोनवर एकेक कलम विचारून घेतले. एका कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या शिक्षिकेबरोबर खोली, वीज-पाण्यासकट १,१००. जेवणखाण ७००, कांदे-बटाटे, डाळ, तांदूळ सगळे मिळते, पण मेथीची जुडी घेताना हात आखडतो. फोन आणि इंटरनेट १५०. शाळेच्या बसवर मुलांना सांभाळत जायचे ठरले तर प्रवास फुकट. बाकी फिरणे १५०. औषध, कपडे, किरकोळ ३००. एकूण २,४००. उरले १,८००. शाळा तिकीट दोन वर्षांतून एकदाच देणार, म्हणून मधल्या वर्षाच्या फेरीसाठी महिना १५० बाजूला टाकले. उरले १,६५०, म्हणजे ३९,६०० रुपये. लाखाचे चाळीस हजार झाले. भावोजी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. घराच्या कर्जाचा हप्ता २७,००० आहे आणि त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत.

स्वतंत्र घर घ्यायचे म्हटले तर हे गणित आणखी बिघडते. तिथे भाडे महिन्याचे महिन्याला देण्याची रीत नाही. वर्षाचे भाडे एक, दोन किंवा चार चेकांत आगाऊ द्यायचे, आणि पुढच्या तारखेचे चेक सही करून घरमालकाच्या हवाली करायचे. दुबईत वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के रक्कम घरपट्टी म्हणून वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होते. १ जानेवारी २०१८ पासून खरेदीवर ५ टक्के मूल्यवर्धित करही आहे. सौदी अरेबियात तो जुलै २०२० पासून १५ टक्के आहे. ‘कर नाही’ म्हणताना पगारावरचा कर नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण पत्रातले खरे मर्म वेगळ्याच ओळीत होते. ४,२०० ची फोड अशी केली होती: मूळ पगार २,०००, घरभत्ता १,५००, इतर भत्ते ७००. भावोजी म्हणाले, “एकूण तेवढेच ना? मग फोड कशीही असेना.” तसे नाही. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते, पुढच्या दर वर्षामागे ३० दिवसांची; आणि ती मोजतात मूळ पगारावर. २,००० वर वर्षाला १,४०० दिरहम होतात. सगळा पगार मूळ धरला असता तर २,९४० झाले असते. पाच वर्षांत फरक ७,७०० दिरहमांचा, म्हणजे एक लाख ८४ हजार ८०० रुपयांचा. तिथे भविष्यनिर्वाह निधी नाही, पेन्शन नाही. परदेशी शिक्षकाला कायद्याने मिळणारी म्हातारपणची पुंजी ती एवढीच, आणि तीच भत्त्यांच्या नावाखाली निम्मी होते. करार हाती आला की मी मुलांना पहिल्यांदा हीच ओळ शोधायला सांगते.

दुसरी ओळ सुट्टीच्या पगाराची. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हामुळे शाळा बंद असतात. त्या दोन महिन्यांचा पगार पहिल्या वर्षी पूर्ण मिळणार का, ते पत्रात स्पष्ट असावे. खोलीचे भाडे मात्र आपण गावी आंबे खात असलो तरी चालूच राहते.

इतर देशांबद्दल थोडक्यात सांगते. मालदीवच्या बेटांवर भारतीय शिक्षक पुष्कळ आहेत. पगार रुफियात मिळतो. सरकारी भाव डॉलरला १५.४२ रुफिया असला, तरी डॉलरची तिथे टंचाई आहे. बँकेतून किती डॉलर घरी पाठवता येतील यावर बंधने येतात आणि बाजारात डॉलर महाग पडतो. शिल्लक पडूनही ती हातात येत नाही. चीनमध्ये शिकवण्यांचा मोठा धंदा होता. जुलै २०२१ मध्ये सरकारने शाळकरी मुलांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि घरबसल्या संगणकावरून तिथल्या मुलांना शिकवणाऱ्यांचाही रोजगार एका उन्हाळ्यात गेला. थायलंडात गोऱ्या शिक्षकाला जो पगार, त्याच्या निम्म्या-पाऊणपटीत फिलिपिन्सची शिक्षिका तोच वर्ग घेते.

इंग्लंडची गंमत सर्वांत न्यारी. शिक्षकांचा तुटवडा पडल्याने इंग्लंडने २०२३ पासून भारतीय शिक्षकांना तिथली पात्रता मिळवण्याची सोय केली, पण ती गणित, विज्ञान आणि परकी भाषा शिकवणाऱ्यांसाठी. इंग्रजी शिकवायला इंग्रजांना आपण नको आहोत, हे एकवेळ समजता येईल. आपल्याकडची इंग्रजीची एम. ए. घरी बसते आणि शेजारचा गणिताचा बी. एड. लँकेशायरला जातो! सप्टेंबर २०२५ पासून नवख्या शिक्षकाचा पगार लंडनबाहेर वर्षाला ३२,९१६ पौंड आहे. कर, विमा, पेन्शनची वर्गणी जाऊन महिना सुमारे २,१०० हातात येतात. त्यातून भाडे, नगरपालिकेचा कर, हिवाळ्यातले गरम हवेचे बिल. शिवाय व्हिसाबरोबर दर माणशी दर वर्षाचे १,०३५ पौंड आरोग्य-अधिभार म्हणून आगाऊ भरायचे. संसार घेऊन जाणाऱ्याने आधी त्याचीच सोय पाहावी.

निघण्यापूर्वीचा खर्च हा या सगळ्या हिशेबात बेवारशी असतो. पदवीच्या कागदांवर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा. जपान, कोरिया, ओमानसारख्या देशांना भारताचा ‘अपॉस्टिल’ हा एकच शिक्का चालतो; अमिरातीसाठी त्यांच्या वकिलातीचा निराळा घ्यावा लागतो. मधला एजंट घ्याल तर तो सरकारदरबारी नोंदलेला आहे ना, ते पाहा. नोंदणीकृत एजंटाला नोकरी लावण्याबद्दल ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येतात. माझ्या एका विद्यार्थ्याकडून एकाने दीड लाख घेतले, पावती तीस हजारांची दिली, आणि नोकरी अशा शाळेत लावली जिथे इंग्रजीबरोबर कवायतही शिकवावी लागे.

आयकराची तारीखही महत्त्वाची. १ एप्रिलपासून मोजून वर्षात १८२ दिवस भारतात काढले, तर त्या वर्षी तुम्ही इथले रहिवासी आणि तिकडचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवायचा. सप्टेंबर संपेपर्यंत इथेच राहून मग निघालेल्या माणसाला हे उशिरा कळते. आखातातल्या भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे मार्चअखेर निघणाऱ्याला ती चिंता नाही.

आता तागडीच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगायला हवे. भाची सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. चांगल्या महिन्यात बावीस हजार होतात. वर्षाचे नऊ महिने काम, मे-जूनमध्ये काही नाही, आणि जे मिळायचे तेही कधी कधी सहा महिने थकून एकदम येते. वर्षाची बेरीज एक लाख ९८ हजार. सेट झालेली आहे. कायम जागेची जाहिरात निघेल म्हणून चार वर्षे वाट पाहते आहे. शारजातून खर्च जाऊन वर्षाला पावणेपाच लाख उरतात. दुसरीकडे, शाळेतला तिकडचा अनुभव इथल्या कॉलेजच्या नोकरीत धरला जाईलच असे नाही, आणि दोन वर्षांत जाहिरात निघाली तर मुलाखतीला यायला तिकीट स्वतःचे. ताईला याहून निराळीच काळजी. मुलगी अठ्ठाविसाची आहे.

आम्ही तिघी-चौघे त्या टेबलाभोवती दोन संध्याकाळ बसलो. भाची सगळे ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “मावशी, बाबांचा हप्ता हे कारण असेल तर मी जाणार नाही. तो हप्ता दोन वर्षांत काही संपणार नाही. मला जायचे आहे ते दर महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो म्हणजे काय, ते एकदा पाहायला.” भावोजींनी कॅलेंडरच्या मागचा आकडा खोडला आणि तिथेच बसून बँकेला फोन करून हप्त्याची मुदत वाढवता येईल का, ते विचारले.

तिने शाळेला लिहिले ते दोनच मुद्द्यांचे: मूळ पगार २,८०० करावा आणि जुलै-ऑगस्टचा पगार करारात लिहावा. आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी आले. मूळ पगार २,५००. एकूण तेवढेच, पण ग्रॅच्युइटी वर्षाला १,४०० ऐवजी १,७५० झाली. सुट्टीचा पगार पहिल्या वर्षी एका महिन्याचा, दुसऱ्या वर्षापासून दोन्ही महिन्यांचा. तिने सही केली आहे. करार दोन वर्षांचा. फेब्रुवारीअखेर तिचे इथले तास संपतात, आणि त्या तासांचे जुलैपासूनचे मानधन अजून यायचे आहे. ते बँकेत जमा झाले, तर तिकीट त्यातूनच काढायचे असे ठरले आहे.